मी साफ केलेलं आभाळ

ये ग, अशी जवळ येऊन बस. कागदावर बोलायलेय म्हणून लांबून नुसती नजर फिरवायची अन् बाजूला ठेवायचं, असं करू नको. तुझी सवय मला कळलीय आता. अर्धं ऐकायचं अन् उठायचं. महिना होत आला त्याला. माझं बोलणं तोंडातच होतं अन् तू बॅगेची चेन ओढायला लागलीस. मोठ्या माणसाचं बोलणं संपू द्यावं, एवढं तुझ्या आईनं शिकवलं न्हाई व्हय तुला? शिकवलं असणार. माझ्या सख्ख्या बहिणीची लेक ती, शिकवल्याबिगर राहणार न्हाई. तूच विसरलीस.

तर आता पुरतं ऐक. तुला माहीत असलेलंही मधे मधे येईल, ते पळवत वाचू नको. तू ते खुर्चीवरून बघितलंस, मी पलंगावरून.

आता नऊ महिने झाले मी ह्या खोलीत आहे. राजेश्वर गावातल्या आमच्या घरी मोरीजवळ पाय सरकला अन् खुब्याचं हाड मोडलं. लेकानं कलबुर्गीला आणलं, ऑपरेशन केलं अन् आपल्या घरी आणून ठेवलं. तिसरा मजला, लिफ्ट न्हाई. वर आणताना चौघांनी खुर्चीसकट उचललं. आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसवून नेतात. मी जिन्यातच लेकाला म्हटलं, मला जितेपणीच बसवून नेलास की रे. तो हसला न्हाई. चढवायला चौघं मिळाले, उतरवायला चौघं एकदम मिळत न्हाईत. एकाला सुट्टी असती तवा दुसऱ्याला नसती.

लेक ऑफिसला जातो, सून शाळेत शिकवायला. एकदा दोघंही गेल्यावर मी वॉकर धरून जिन्याच्या तोंडापर्यंत गेले. नुसतं खाली बघावं म्हणून. शेजारणीनं बघितलं अन् सांगितलं. तवापासून सून जाताना बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लावते. तिला दोष देत न्हाई. ती भिते. पण कुलूप लागल्याचा आवाज आला की ती परत यायला किती तास उरले ते मी मोजते, ते खरं आहे.

खोलीला एक खिडकी. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, भिंतीवर पाण्याच्या चार काळ्या टाक्या, अन् त्यांच्या वर पोळपाटाएवढं आभाळ. सकाळी लिंगपूजा करते, कडक भाकरी दुधात भिजवून खाते, मग टाक्या मोजते. चारच असतात.

अशात तू आलीस. तुझ्या घरी शेजारी बांधकाम चाललेलं, ठोकाठोकीत तुला अभ्यास सुचेना. लेक म्हणाला, इकडं ये, दिवसभर कुणी नसतं, अव्वाला, म्हणजे मला, सोबत होईल. अन् घरात टेबल एकच, ते माझ्या खोलीत. म्हणून तू माझ्या वाट्याला आलीस. टेबलामुळं आलीस, माझ्यामुळं न्हाई, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दोन दिवस तू कानात ते घालून बसलीस. मी तुझ्या पाठीकडं बघत पडलेली. पाठीपलीकडं लॅपटॉपच्या पडद्यावर दोन चित्रं, एक दिसायचं, मग दुसरं, मग पहिलं, डोळे मिचकावल्यागत. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, काय बघायलीस ग एवढं? तवा तू खुर्ची वळवून सांगितलंस. फार पूर्वी दुर्बिणीतून काचेवर काढलेले आभाळाचे फोटो. एका काचेवर उजेडाचा ठिपका आहे, अन् थोड्या वेळानं काढलेल्या त्याच जागेच्या दुसऱ्या काचेवर तो न्हाई. त्याच्या आधीच्या काचेवरही न्हाई. मधे तेवढा चमकून गेला. तारा असा जात न्हाई. अन् ह्या काचा माणसानं आभाळात काही सोडायच्या आधीच्या, म्हणजे उपग्रह चमकला म्हणावं तर तेही न्हाई.

"मग काय होतं ते?"

"तेच शोधायचंय, अज्जी. न्हाईतर ते काहीच नव्हतं, नुसता डाग होता, हे तरी शोधायचं."

"डागच हाय तो," मी म्हटलं. "तू आता दाखवायलीस तो बुडबुडा हाय."

तू चष्मा वर केलास. "काय?"

"कडेला अंगठीसारखं दिसायलंय बघ. काचेवर औषधाचा थर देताना हवा राहिली. अन् त्याच्या शेजारचा केस हाय, ब्रशचा. काच झाडताना सुटला."

"तुला कसं माहीत?"

"मला कामून माहीत नसावं?"

तवा तुला पहिल्यांदा कळलं, बसवकल्याणात आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता अन् मी तिथं काम केलं. बहिणीच्या घरात कुणी सांगितलं नसंल, कारण कुणी ते काम धरलंच न्हाई. हे पुढं, मी मागं. पुढं रंगवलेला पडदा, खुर्ची, गिऱ्हाईक. मागं एक खोली, तिला खिडकी न्हाई, लाल दिवा, अन् दाराला बोटभर फट. सुनेनं पुढं यायचं न्हाई, हे सासूबाईंनी आल्या दिवशीच सांगितलेलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचायला त्याच खोलीत शिकले, फोटोच्या कागदाच्या डब्यांवरून, पुड्याच्या कागदांवरून. आठ-आठ तास आत. बाहेर आलं की उजेडानं डोळ्यांतून पाणी यायचं, अन् सासूबाई म्हणायच्या, रडायला काय झालं हिला.

काम असं. कागदावर फोटो उतरवताना निगेटिव्हवर धुळीचा कण बसला तर तेवढ्या जागी कागद पांढरा राहतो. काळ्या कोटावर पांढरा ठिपका, काळ्या केसांत पांढरा ठिपका. तो बारीक ब्रशनं भरायचा. काळा रंग, त्यात जरासा डिंक, अन् ब्रशचं टोक जिभेवर फिरवलं की सुईगत होतं. जीभ काळीच असायची माझी. लग्नाच्या पोरींच्या तोंडावरचे देवीचे वण मी भरले. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून फोटो काढायची रीत, तर असल्या फोटोत मिटलेले डोळे उघडे करून द्यायचे, ते मी केले. किती पोरींची लग्नं माझ्या हातानं जमली ते मोजलं न्हाई. नंतर नवऱ्यानं समोरासमोर तोंड बघून काय म्हटलं असंल, तेही विचारायला गेले न्हाई.

तू हसलीस. "म्हणजे तू फोटोशॉप होतीस."

"काय होते ते मला माहीत न्हाई बाई. तवा मला कुणी काहीच म्हणत न्हवतं."

त्यानंतरचे दहा दिवस तुला कसे गेले ते तुला ठाऊक. मला सांगू दे मला कसे गेले. सकाळी कुलूप लागायचं अन् मी तास मोजायचे न्हाई. तू पलंगाजवळ टेबल ओढून घेतलंस, पडदा माझ्याकडं वळवलास. हा नखाचा ओरखडा. ही बुरशी, काच ओलीत ठेवली कुणीतरी. हा कुणाचा तरी अंगठा, घामेजलेला. ह्या ठिपक्याला काही नाव देता येत न्हाई, ठेव बाजूला. तू बाजूला ठेवायचीस. बाजूला पडलेले लई थोडे, पण ते बघून तू हात चोळायचीस. एकदा आपलं भांडणही झालं. मी म्हटलं, ताऱ्याचा ठिपका कडेला विरतो, हा टोचल्यागत हाय, म्हणून हा कचरा. तू म्हणालीस, तारा तासभर काचेवर पडत राहतो म्हणून पसरतो, क्षणभराच्या उजेडाला पसरायला वेळच कुठं? तो टोचल्यागतच दिसणार. मला ते पटलं अन् त्याच घडीला काहीतरी खुपलंही. काय ते कळलं न्हाई.

लेक घरी आल्यावर म्हणायचा, "अव्वा, तुला नोकरी लागली म्हणं. आता पाहुणे बघायला येतील."

"येऊ दे की," मी म्हणायचे. "तिसरा मजला चढून आला तर नवरा दमदार म्हणायचा."

मग तू लॅपटॉपवर फोटोंचं दुसरं खातं उघडलंस. तू म्हणालीस, अज्जी, ह्याच्या काचा उरल्या न्हाईत. दूरच्या एका कॉलेजात जुनी दुर्बीण होती, तिच्या काचा गळक्या खोलीत खराब झाल्या. पण कुणीतरी वेळेवर त्यांचे कागदावर फोटो उतरवून ठेवले म्हणून एवढं तरी राहिलं. आम्ही त्या कागदांवरून काम करतो. अन् गंमत बघ, बाकी सगळीकडं हे चमकणारे ठिपके सापडतात, इथं सापडतच न्हाईत. एवढ्या वर्षांच्या फोटोंत आभाळ एकदम गप्प. का गप्प झालं, हाच माझ्या पीएचडीचा मुख्य धडा आहे. तीन वर्षं झाली ह्याच्यावर. माझे सर खूश आहेत. महिनाअखेर सगळ्यांसमोर मांडायचाय.

मी भिंग धरून पुढं वाकले. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा होता. मराठी सात, शेपूट वर उचललेलं. असं सात एकच माणूस लिहायचा. घरातल्या कॅलेंडरावर, पिठाच्या डब्यावर, लेकाच्या जन्माच्या टिपणावर मी ते सात बघितलेलं.

"काय झालं?" तू विचारलंस.

"काय न्हाई. डोळा भरला."

तू थेंबांची बाटली आणून दिलीस. मी दोन्ही डोळ्यांत घातले. तुला सांगितलेलं ते पहिलं खोटं.

आता तुला न सांगितलेलं सांगते. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील तवा स्टुडिओत एक सर आले. आपल्याच राजेश्वरचे, कॉलेजात शिकवायला लांब गेलेले, सुट्टीला आलेले. संगट लाकडी पेटी, तिच्यात लोकर घालून काचा ठेवलेल्या. दाराच्या फटीतून मला त्यांचा कोट अन् बूट दिसले. काचा टिकायच्या न्हाईत, कागदावर उतरवून पाहिजेत, परक्या गावात कुणाला देऊ, म्हणून गावच्या माणसाकडं आणल्या असं ते म्हणाले. अन् म्हणाले, "एक लक्षात ठेवा, मला कागदावर एकही डाग चालणार नाही."

हे रोज पाच-सहा काचा उतरवायचे अन् कागद वाळले की माझ्यापुढं ठेवायचे. काळं आभाळ अन् पांढरे ठिपके. मी ब्रश हातात धरून बसले. कोटावरचा ठिपका कळतो, केसातला कळतो. आभाळ म्हणजे सगळे ठिपकेच. मी ह्यांना म्हटलं, "अहो, ह्यातली धूळ कुठली अन् तारा कुठला, सरांना विचारा की."

"विचारलं तर म्हणतील ह्याला कामच येत न्हाई."

"मग मी कसं करू?"

"एका जागेच्या दोन-दोन काचा हायत. दोन्हींत हाय तो तारा. एकातच हाय ती धूळ. तारा काय पळून जातो?"

सर बाहेर बाकावर बसलेले होते त्या दिवशी. मी केलेला चहा पीत होते. मधे एक दार. मी दार ढकलून विचारलं असतं तर काय झालं असतं? आज तुला ते काहीच वाटणार न्हाई. मला तवा ते आगीत पाय घालण्याएवढं होतं. चहा बाहेर गेला, मी आत राहिले.

अन् मी भरले. दोन कागद शेजारी ठेवायचे, एकावर बोट, दुसऱ्यावर बोट. एकात आहे, दुसऱ्यात न्हाई, जिभेवर ब्रश, भर. पेटी संपेपर्यंत. पोरी, तू पडद्यावर जे करतेस तेच मी केलं. तू ते ठिपके वेचून बाजूला ठेवतेस. मी पुसले.

सर न्यायला आले तवा त्यांनी कागद उजेडाकडं धरले अन् म्हणाले, "काय स्वच्छ काम आहे. शहरातसुद्धा असं होत नाही." मी फटीतून ऐकलं. हे म्हणाले, "आपल्या आशीर्वादानं." माझ्याविषयी कुणी काही म्हणालं न्हाई, पण ते बोलणं माझंच होतं. उभ्या आयुष्यात माझ्या हाताच्या कामाला एवढं मोठं माणूस चांगलं म्हणालं ते त्या एकदाच. म्हातारपणी, हाड मोडून पडल्यावरसुद्धा, मी ते मनात काढून बघायचे. आता ते काढून बघता येत न्हाई.

तर मला कळलं, अन् तीन दिवस मी तुला सांगितलं न्हाई. आभाळ गप्प झालं न्हवतं, मी त्याचं तोंड बंद केलं, हे दोन शब्दांत सांगता आलं असतं. तू हातभर अंतरावर बसलेली. सकाळी कुलूप लागलं की आपण दोघी आत, अन् तू त्याच खात्यावर काम करायलीस. "अज्जी, हा बघ, हाही गप्प." "अज्जी, हाही." मी हूं म्हणायचे. जेवण जाईना. सुनेनं अंबाडीची भाजी केली, मला आवडते म्हणून, तीही तशीच राहिली. तू म्हणालीस, माझं काही चुकलं का? मी भिंतीकडं तोंड केलं. मोडलेल्या कुशीवर वळायला मला अजून कुणाचा तरी हात लागतो, तो तू दिलास.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू मला तुझं लिहिलेलं वाचून दाखवलंस. इंग्रजीत लिहिलेलं, मराठीत करून. शेवटी म्हणालीस, आभार मानलेत त्यात तुझं नाव घातलंय. माझी अज्जी, जिनं मला डाग अन् उजेड यातला फरक शिकवला.

त्यानंतर गप्प बसणं मला झेपलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी लिंगपूजा झाली, लेक गेला, सून गेली, तू पडदा उघडायच्या आधी मी म्हटलं, "ते कागदाचं खातं हाय न्हाई का, ते कागद मी साफ केलेत."

तू आधी हसलीस. "साफ म्हणजे? पुसलेस?"

"भरलेत. ब्रशनं. एकात हाय अन् दुसऱ्यात न्हाई ते समदे."

तुझं हसणं तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ, विसरल्यागत. मग तू विचारलंस, "किती?"

"पेटीभर."

"सगळ्यांवर?"

"जिथं दिसलं तिथं."

"हे तुला कधी कळलं, अज्जी? आज?"

इथं मी दुसरं खोटं बोलले असते तर तू राहिली असतीस कदाचित. मी म्हटलं, "तीन दिवस झाले."

तवा तुझं तोंड बदललं. कामाचं ऐकून न्हाई, तीन दिवसांचं ऐकून. तू काल वाचून दाखवत होतीस तवाही मला माहीत होतं, हे तुझ्या ध्यानात आलं ते मी बघितलं. मी म्हटलं, ऐक, अजून एक गोष्ट हाय. तू चेन ओढलीस. मला बसस्टँडवर जायचंय म्हणालीस. अन् गेलीस, अन् जाळीच्या दाराशी थांबलीस, कारण सून कुलूप लावून किल्ली संगट घेऊन गेलेली.

तू आत आहेस हे रोज तिच्या ध्यानात असायचं, ती किल्ली तुला देऊन जायची. त्याच दिवशी विसरली. तू फोन लावलास, तिचा बंद. शाळेत परीक्षा चालू, फोन बाहेर ठेवून वर्गात जावं लागतं. लेकाला लावलास, तो तालुक्याला कामावर. शेजारणीला हाक मारलीस, ती म्हणाली माझ्याकडं किल्ली न्हाई ग. सकाळचे साडेदहा अन् सून येणार साडेचारला.

तू माझ्या खोलीत परत आली न्हाईस. दारापाशी फरशीवर बसलीस, बॅग मांडीवर, पाठ जाळीला टेकून. मला पलंगावरून भिंतीवरच्या आरशात तुझे पाय तेवढे दिसत होते. मी एकदा वॉकर घेऊन उठले. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले. तू कानात घातलंस ते. काही वाजत न्हवतं, मला माहीत आहे, कारण शेजारणीची भांडी वाजली तवा तू दचकलीस. मी उभी राहिले, परत जाऊन बसले. दुपारी म्हटलं, भाकरी खा. न्हाई म्हणालीस. तू न्हाई खाल्लीस तर मीही न्हाई. तसे सहा तास. आजवर इतके महिने मी एकटीच कुलपाआड होते, त्या दिवशी तुलाही घेऊन बसले, अन् तुझ्या तोंडाकडं बघून मला कळलं मी कशी दिसत असेन रोज.

सून आली, कुलूप काढलं, तुला बघून म्हणाली, अगबाई, किल्ली मीच घेऊन गेले व्हय? अन् हसायला लागली. तू तिच्या पाया पडलीस, माझ्याही पडलीस, रीत सोडली न्हाईस, अन् उतरलीस. जिन्यात तुझी चप्पल ऐकू आली तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत.

लेकाला सांगितलं तर म्हणाला, "अव्वा, एवढ्या जुन्या ठिपक्यांचं कोण विचारतंय? तू सांगितलंच कामून? कुणाला कळलं असतं?" त्याचं मन मोठं आहे, मला वाचवायलाच बोलला. पण तो तुझ्या पाठीमागं पलंगावर पडून राहिलेला न्हाई. तू एकेक ठिपका कसा बघतेस ते त्यानं बघितलेलं न्हाई.

आता ती दुसरी गोष्ट, जिच्यावर तू चेन ओढलीस.

पेटी निम्मी झाली असंल तवा एक कागद माझ्या हातून फाटला. हे चिडले, काच परत पुसून दुसरा कागद उतरवला. मी जुना अन् नवा शेजारी ठेवले. धुळीचे ठिपके इकडचे तिकडं झाले होते, काही गेले, काही नवे आले. धूळच ती, पुसली की हलणार. पण एक ठिपका होता, दुसऱ्या काचेवर नसलेला, तो जागच्या जागी होता. पुढं मी मुद्दाम ह्यांना म्हणायचे, हा कागद नीट वाळला न्हाई, परत काढा. हे कधी काढायचे, कधी कुरकुरायचे. जिथं परत काढला तिथं मला असले न हलणारे ठिपके दिसले. काचेच्या औषधातला डाग असंल, न्हाईतर उजेड असंल. धूळ मात्र न्हवती, हे मला तवाच कळलं होतं. कळूनही भरले, कारण एकातच असलेलं भरायचं असं ठरलेलं. पण भरल्यावर त्या कागदाच्या मागं, त्याच जागेच्या पाठीवर, पेन्सिलीनं बारीक टिंब ठेवलं. कधी विचारायला मिळालं सरांना तर विचारावं म्हणून. मिळालं न्हाई. ते पेटी घेऊन गेले अन् मी कधी त्यांच्यासमोर आलेच न्हाई.

तुम्ही कागदांच्या पुढच्या बाजूचे फोटो मशिनीत काढलेत. मागं कुणी बघितलं नसणार, मागं काय असतं?

ही गोष्ट त्या दिवशी ऐकली असतीस तर तुझा धडा वाचला असता असं न्हाई. तो जातोच. आभाळ गप्प न्हवतं. महिनाअखेरीला तू काय मांडलंस, मांडलंस की न्हाई, मला कुणी सांगितलं न्हाई अन् मी विचारायला भिते. तुझ्या सरांना खरं सांगायचं असंल तर माझ्यावर घाल. म्हण, एका बाईनं ठिपके भरले, तिला विचारायची मुभा न्हवती. अर्धा दोष दाराचा म्हण हवं तर. अर्धा माझाच, मी दार ढकललं न्हाई. अन् तीन दिवसांचा पुरा माझा, त्यात दाराचा काही संबंध न्हाई. तेवढ्यासाठी तू रागावलीस, बरोबर रागावलीस.

चार दिवसांमागं सुनेच्या फोनवर तुझा फोटो आला. कॉलेजातून तू त्यांतला एक कागद मिळवलास, टेबलावर ठेवून वरून काढलेला, अन् खाली एवढंच, "अज्जी, यावर कुठं कुठं?" मी सुनेला म्हटलं, लिही. ती म्हणाली, सांगा अत्ती. अन् मला सांगता येईना. सुनेच्या बोटांतून ही गोष्ट जायची न्हाई. म्हणून तिच्या शाळेतली उरलेली वही मागून घेतली अन् हे लिहायला बसले. ती पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे, की फोटोवरून मला सांगता येत न्हाई. वरून बघितलं तर माझं काम दिसायचं न्हाई, तसं दिसू नये म्हणूनच केलेलं. कागद हातात पाहिजे, खिडकीशी तिरका धरायला पाहिजे, तवा भरलेली जागा जराशी निस्तेज दिसते. रंग कागदात मुरत न्हाई, वर बसतो. जरा ओल्या कापसानं, घासायचं न्हाई, नुसता टेकवायचा, डिंक सुटतो अन् रंग कापसावर येतो. आधी एखाद्या निकामी कागदावर करून बघू, इतक्या वर्षांचा डिंक कसा वागतो कुणाला माहीत. खाली धूळ निघंल तसा उजेडही निघंल. मागं टिंब असलेले आधी घेऊ. टिंब नसलेल्यांचं मला सांगता येणार न्हाई, त्यांतलं कुठलं काय हे मला तवाही कळलं न्हवतं. हात थोडा हलतो आता, पण तू मनगट धरलंस तर जमंल.

पोस्टानं पाठवू नको, कागद मोडतात. कॉलेजवाले सगळे देत नसतील तर चार घेऊन ये. चारही न्हाई दिले तर रिकाम्या हातानं ये. माझा पाय मला खाली उतरू देत न्हाई, न्हाईतर मीच आले असते कॉलेजच्या दारात. सकाळी दहा ते अकरा ह्या खिडकीत ऊन तिरकं येतं, टाक्यांच्या मधून, त्या वेळेला बसू. तुझा राग संगट घेऊन आलीस तरी चालंल, तो मी बघते. पण लवकर ये ग. ह्या आठवड्यात जमत असंल तर ह्याच आठवड्यात ये.